स्टेशन बंद, रूळ चालू

पत्र : मावशी, मी मूळचा नाशिकचा. न्यूयॉर्कला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करतोय, राहतो जर्सी सिटीत. कॉलेजातल्या तिघांशी गट्टी जमली, तिघंही इथेच वाढलेले. त्यांना बंद पडलेली सबवे स्टेशनं आतून बघायचा नाद आहे. मीही त्यांच्याबरोबर एक-दोनदा गेलो आणि मला वेड लागलं. आम्ही काही तोडत नाही, भिंतींवर काही लिहीत नाही, फक्त फोटो काढतो. येत्या शनिवारी रात्री ९१व्या रस्त्याच्या बंद स्टेशनात जायचा बेत आहे. गाड्यांचं टाइमटेबल ॲपवर असतं. मी शाळेपासून ट्रेक करतोय, हरिहर पावसात चढलोय, त्यामुळे रिस्क कशाला म्हणतात ते मला कळतं. पण ताईने (ती एडिसनला असते) फोटो पाहिले आणि म्हणाली, पुन्हा गेलास तर आईला सांगेन. इकडे ग्रुपमधला एक जण विचारतोय, येतोयस ना, की फाटली? तर मावशी, नीट काळजी घेतली तर यात खरंच किती धोका आहे? नाही म्हणायचं झालं तर कसं म्हणू? आणि ताईचं काय करू?
– न., जर्सी सिटी

प्रिय न.,

शनिवारी जाऊ नकोस. निकाल आधीच सांगून टाकला, म्हणजे मावशी शेवटी काय म्हणते याची धाकधूक नको. आता कारणं. ती ‘आमच्या वेळी मुलं कशी ऐकायची’ छापाची नाहीत. नोकरीची सगळी वर्षं मी रेल्वेच्या ट्रॅक्शन पॉवरमध्ये काढली. म्हणजे गाड्या ज्या करंटवर धावतात तो रुळांपर्यंत पोचवायचं काम. बोगद्यात उतरायचा मला पगार मिळायचा, आणि तरी उतरताना दर वेळी पोटात गोळा यायचा. आमच्याकडचे जुने फोरमन तर, ज्याला तो गोळा येईनासा झाला त्याला सरळ ऑफिसच्या कामाला लावायचे.

तुझ्या वेडाला मी नावं ठेवणार नाही. ते बोगदे बघून ज्याला काहीच वाटत नाही त्याने स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग कशाला शिकावं? न्यूयॉर्कचा पहिला सबवे २७ ऑक्टोबर १९०४ ला सुरू झाला. तुम्ही ज्यांच्या मागे लागला आहात त्यातली बहुतेक स्टेशनं त्याच पहिल्या लाईनवरची. ती बंद का पडली हे तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंय का? भुताखेतांच्या गोष्टी इंटरनेटवर भरपूर आहेत, खरं कारण अगदी रुक्ष आहे. सुरुवातीला लोकल गाड्या पाच डब्यांच्या होत्या आणि प्लॅटफॉर्म तेवढेच. गर्दी वाढली, डबे वाढले, तसे प्लॅटफॉर्म लांबवावे लागले. लांबवता लांबवता एका स्टेशनचं टोक दुसऱ्याच्या इतकं जवळ जाऊन पोचलं की मधल्या स्टेशनाला काही अर्थच उरला नाही. ९६व्या रस्त्याचा प्लॅटफॉर्म दक्षिणेकडे वाढला आणि २ फेब्रुवारी १९५९ ला ९१व्या रस्त्याचं स्टेशन बंद झालं. १८व्या रस्त्याचं त्याआधी, १९४८ मध्ये. वर्थ स्ट्रीटचं १९६२ मध्ये.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. गाड्या संपल्या म्हणून ही स्टेशनं बंद झाली नाहीत. गाड्या वाढल्या म्हणून झाली. तुम्ही ज्याला ओसाड जागा म्हणताय तिथे ओसाड आहे तो फक्त प्लॅटफॉर्म. त्याच्या कडेला टेकून जाणारे रूळ १९०४ पासून आजपर्यंत वापरात आहेत, आणि त्या प्लॅटफॉर्मवर पोचायचं तर दुसरी वाट नाही, कारण रस्त्यावरचे जिने स्लॅब टाकून बुजवलेले. म्हणजे तुम्ही स्टेशन बघायला जात नाही, चालू लाईनवरून चालायला जाता. स्टेशन हे फक्त निमित्त.

हरिहरचं म्हणशील तर त्या पायऱ्या मला माहीत आहेत. पावसात त्या चढणाऱ्याचे पाय पक्के असणार, हेही मान्य. पण हरिहरचा कातळ जिथे आहे तिथेच राहतो. तू चुकलास तरच पडशील. बोगद्यात तू काहीही चुकला नाहीस तरी मरू शकतोस. तिथे हालचाल करणारी दुसरी वस्तू आहे, तिचं वजन शेकडो टन आहे आणि तू तिथे आहेस हे तिला ठाऊक नाही. ट्रेकरला जी रिस्क कळते ती ही नव्हे, म्हणून तो अनुभव इथे उपयोगी पडण्याऐवजी फाजील आत्मविश्वास देतो.

आता माझ्या विषयाकडे येते, थोडं सविस्तर लिहिते.

आपण महाराष्ट्रातली माणसं रेल्वेच्या करंटला घाबरतो ते वर बघून. मुंबईच्या लोकलची वायर डोक्यावर, २५,००० व्होल्टची. टपावर चढू नये हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पायाखालच्या रुळांची मात्र भीती नसते. रूळ ओलांडणारा माणूस गाडी येतेय का ते बघतो, करंटचा विचार त्याच्या मनातही येत नाही. हा हिशेब अंगात मुरलेला असतो आणि न्यूयॉर्कमध्ये तो नेमका उलटा पडतो. इथे करंट घोट्याच्या उंचीवर आहे. दोन रुळांच्या शेजारून जाणारा तिसरा रूळ, थर्ड रेल, ६२५ व्होल्ट डीसी. बंद स्टेशनातूनही तो तसाच जातो, कारण गाड्या तिथूनच जातात. वर एक झाकणाची फळी असते. ती बघून लोकांना वाटतं की पाय पडला तरी चालेल. ती फळी कामगाराचा चुकून धक्का लागू नये म्हणून आहे, उभं राहायला नाही. कुठे तुटलेली असते, कुठे सैल, कुठे दमट. शिवाय बाजूने रूळ उघडाच असतो, कारण डब्याचा शू, म्हणजे थर्ड रेलवरून करंट उचलणारा भाग, तिथूनच आत शिरून त्यावर घासत जातो.

घरी शॉक बसला तर ट्रिप होऊन लाईट जाते, आपण वाचतो. सबस्टेशनच्या ब्रेकरचं तसं नाही. एक गाडी सुटताना हजारो अँपिअर ओढते आणि ब्रेकर तेवढ्यासाठी सेट केलेला असतो. माणूस चिकटला तर त्याच्यातून वाहतो तो जेमतेम अँपिअरच्या आतबाहेर. जीव घ्यायला तेवढा रग्गड आहे, पण सबस्टेशनच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. ब्रेकर पडत नाही, करंट वाहत राहतो. आणि कुणी सुटलाच तर भाजलेल्या जखमा अशा असतात की त्यांचं वर्णन मी सदरात करणार नाही.

तुम्ही फोटो काढता म्हणजे ट्रायपॉड नेत असणार. ॲल्युमिनियमचा? अंधारात खांद्यावर आडवा ट्रायपॉड घेऊन वळणारा मुलगा, एका अंगाला थर्ड रेल, दुसऱ्या अंगाला साधा रूळ. डीसीचा आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, एकदा लागला की सहज विझत नाही. मी एवढंच लिहून थांबते, पुढचं तू इंजिनिअर आहेस म्हणून तुझं तू समज.

आणखी एक गोष्ट, जी बोगद्याबाहेरच्या फार कमी लोकांना माहीत असते. थर्ड रेल पलीकडच्या बाजूला आहे, म्हणजे अलीकडची बाजू सुरक्षित, असं समजून लोक गाडीच्या अगदी जवळ उभे राहतात. डब्याला दोन्ही बाजूंनी शू असतात आणि ते आतून एकमेकांना जोडलेले असतात. पलीकडचा शू थर्ड रेलवर टेकलेला असला की अलीकडे नुसता बाहेर डोकावणारा शूसुद्धा तेवढाच जिवंत.

‘टाइमटेबल ॲपवर असतं’ हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अरे, मुंबईच्या लोकलला मध्यरात्रीनंतर दोन-तीन तास तरी झोप असते. न्यूयॉर्कचा सबवे चोवीस तास चालतो. मग देखभाल कधी करायची? चालू गाड्यांच्या मधेच, आणि त्यातल्या त्यात गर्दी कमी म्हणून शनिवार-रविवारी आणि रात्री. म्हणजे तुम्ही निवडलेली वेळ. त्या रात्री एक्स्प्रेस लोकलच्या रुळावर येते, लोकल एक्स्प्रेसच्या, कुठे एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या आळीपाळीने सोडतात. ॲप सांगतं ते प्रवाशाने चढायच्या गाडीबद्दल. यार्डात रिकामी परत निघालेली गाडी, स्टेशनांचा कचरा गोळा करणारी गाडी, डिझेल इंजिन लावून रूळ-स्लीपर नेणारी कामाची गाडी, यांचा ॲपशी संबंध काय?

‘वाऱ्याची झुळूक आली की गाडी येतेय हे कळतं’ हे तुमच्यातल्या कुणीतरी नक्की सांगितलं असणार. एका रुळाच्या अरुंद बोगद्यात ते बऱ्यापैकी खरं आहे, कारण गाडी पुढची सगळी हवा ढकलत आणते. ९१व्या रस्त्याजवळ शेजारी शेजारी चार रूळ आहेत. तिथे हवेला पसरायला जागा आहे, झुळूक उशिरा येते आणि कुठल्या रुळावरून येतेय ते सांगत नाही. आवाजाचंही तेच. मधल्या रुळावरून एक्स्प्रेस धडधडत जात असते तेव्हा तिच्या आवाजात मागून येणारी लोकल ऐकूच येत नाही. बोगद्यातल्या अपघातांत हा प्रकार इतका जुना आहे की आम्हाला पहिल्याच दिवशी घोकून घेतला होता : एक गाडी दिसली की दुसरी आहेच असं समजायचं.

आणि भिंतीला चिकटून उभं राहणं. ते कुठेही जमत नाही. काही ठिकाणी भिंतीत कोनाडे असतात, काही ठिकाणी कट्टा असतो, आणि काही ठिकाणी गाडी आणि भिंत यांच्यामध्ये माणूस मावेल एवढी जागाच नसते. तिथे लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांच्या पाट्या लावलेल्या असतात. त्या सजावटीसाठी नाहीत. गाडी आली तर इथे तुला जागा नाही, एवढाच त्यांचा अर्थ. तुमच्या फोटोंमध्ये कुठे मागे तशी पाटी दिसते का ते जरा बघ.

हे सगळं ज्यांना पाठ आहे, ज्यांच्या अंगावर चमकणारं जॅकेट असतं, ज्यांच्यासाठी पुढे पिवळे दिवे लावून मोटरमनला सावध केलेलं असतं, तेही मरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ३४व्या रस्त्याजवळ ‘डी’ गाडीखाली एक फ्लॅगर गेला. फ्लॅगर म्हणजे ज्याचं कामच मुळी रुळावरच्या बाकीच्यांना गाडीपासून वाचवायचं असतं, तो. तुमच्यासाठी पुढे दिवा कोण लावणार आहे?

बंद स्टेशनाच्या आतलं मी थोडक्यात आटोपते, कारण वरच्यापुढे ते किरकोळ आहे. जुन्या पाइपांभोवतीचं ॲस्बेस्टॉस, शिशाचा रंग, चाकं आणि रूळ घासून उडालेली लोखंडाची बारीक धूळ, उंदरांच्या मुतापासून होणारा लेप्टो (हा मुंबईकरांना सांगायला नको). फोनच्या रेंजचा भरवसा नाही. आणि धूर झाला तर वर जायला जिना नाही.

तुझ्या पत्रात नाही, पण अशा प्रत्येक गप्पांत येणारं एक वाक्य आहे : गेलो तर आम्ही जाऊ, दुसऱ्याचं काय नुकसान? ताशी साठ किलोमीटरने येणारी गाडी आपत्कालीन ब्रेक लावूनही शंभरेक मीटर पुढे जातेच. तेवढा वेळ मोटरमन समोर बघत असतो. त्याला हॉर्न वाजवण्यापलीकडे काही करता येत नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत. काही जण परत केबिनमध्ये बसले नाहीत. आणि कुणी नुसतं कळवलं की रुळावर माणसं दिसली, तर करंट बंद करावा लागतो, मागच्या गाड्या बोगद्यात अडकतात. त्यात रात्रपाळीहून घरी निघालेल्या नर्सेस असतात, हॉटेलातली भांडी घासून निघालेली माणसं असतात. शनिवारी रात्री त्या गाडीत मौजमजेला निघालेले लोकच असतात असं नाही.

आता तुझ्यापुरता वेगळा मुद्दा, जो तुझ्या मित्रांना लागू नाही.

ते तिघं इथले नागरिक आहेत. पकडले गेले तर एक रात्र, एक वकील, थोडा दंड, आणि पुढच्या पार्टीत सांगायला किस्सा. तू एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस. न्यूयॉर्कच्या कायद्यात ‘प्रवेश बंद’ची पाटी लावलेल्या रेल्वेच्या हद्दीत शिरणं हे क्रिमिनल ट्रेसपास ठरू शकतं, आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. एवढी शिक्षा सहसा कुणाला होत नाही, हे मलाही माहीत आहे. पण तुझा प्रश्न शिक्षेचा नाही, नोंदीचा आहे. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात विचारतात की तुम्हाला कधी अटक झाली आहे का. दोषी ठरलात का एवढंच विचारत नाहीत, अटक झाली का विचारतात. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी (अमेरिकी सरकार परदेशी विद्यार्थ्यांची ठेवतं ती नोंद) एकाएकी रद्द झाल्या, त्यात आपली मुलं बरीच होती. अनेकांच्या बाबतीत कारण काय, तर कधीकाळची किरकोळ पोलीस नोंद, कित्येकदा निकाली निघालेली. कोर्टात दावे गेल्यावर एप्रिलअखेर नोंदी परत सुरू झाल्या, पण मधले आठवडे त्या मुलांनी कसे काढले असतील? जून २०२५ पासून तर विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना आपली सोशल मीडिया खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. तुझे ते फोटो ताईने कुठे पाहिले?

मी वकील नाही. म्हणून एक काम सांगते : आधी गेला होतास त्याबद्दल मनात काही शंका असेल, किंवा फोटो कुठे टाकले असतील, तर इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोल. ग्रुपवरच्या कुणाचा सल्ला ऐकून काही करू नकोस. माझाही नको.

पकडलं जाणं तितकंसं दुर्मीळही नाही. २०१० मध्ये विल्यम्सबर्गखालच्या एका कधीच सुरू न झालेल्या स्टेशनात १०३ चित्रकारांनी चोरून भिंती रंगवल्याचं वर्तमानपत्रात आलं. ते वाचून लोक शोधत तिथे पोचले, आणि पोलीस त्यांच्या आधी पोचले होते. ज्या जागेचे फोटो लोकप्रिय होतात त्या जागेवर नजर ठेवणारेही वाढतात.

आता ‘नाही’ कसं म्हणायचं. कारणांची यादी देऊ नकोस. थर्ड रेलवर व्याख्यान देऊ नकोस, ते मी तुला दिलं एवढं पुरे. यादी दिली की समोरचा एकेक कारण खोडत बसतो आणि शेवटी तू हरतोस. सरळ लिही : ‘मी येणार नाही. माझा व्हिसा आहे, मला हे परवडणारं नाही. तुम्हीही जाऊ नका असं माझं मत आहे.’ बस. ‘फाटली का’ म्हणाला तर ‘हो’ म्हण. एकाक्षरी उत्तराला पुढे काही बोलताच येत नाही, बघ करून. ‘या वेळी नाही, पुढच्या वेळी बघू’ असं मात्र लिहू नकोस. पुढच्या शनिवारी पुन्हा तोच मेसेज येईल. आणि त्या रात्री ‘मी वर रस्त्यावर थांबतो, काही झालं तर फोन करा’ हाही प्रकार नको. त्यात तू सामील तर होतोसच, मदत मात्र काही करू शकत नाहीस.

तरीही ते गेले आणि काही विपरीत घडलं, तर एवढं त्यांना आधीच सांगून ठेव. चिकटलेल्या माणसाचा हात धरून ओढायला जायचं नाही, दुसरा मृत्यू तिथेच होतो. बोगद्यात ठरावीक अंतरावर निळा दिवा असतो. त्याच्याखाली एक पेटी असते, ती ओढली की त्या भागातल्या थर्ड रेलचा करंट जातो, आणि शेजारी फोन असतो. आधी पेटी, मग फोन. अटकेच्या भीतीने यातलं काही टाळायचं नाही.

आता सांगते ते मला जास्त आवडीचं आहे. तुला बंद स्टेशन बघायचंय ना? ब्रुकलिनमध्ये बोरम प्लेस आणि शर्मरहॉर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जा. सबवेचा साधा जिना दिसेल. खाली कोर्ट स्ट्रीट नावाचं स्टेशन आहे, १९३६ मध्ये सुरू होऊन १९४६ मध्ये बंद पडलेलं. १९७६ पासून तिथे न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम आहे. प्लॅटफॉर्मच्या दोन्ही बाजूंना जुने डबे उभे केलेत, वेताच्या सीट आणि छताच्या पंख्यांसकट. त्यांत बस, दारं बघ, रिव्हेट मोज. आणि हो, तिथली थर्ड रेलसुद्धा जिवंत आहे. प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहून पूर्ण उजेडात ती नीट बघून घे. फळी, खालचे इन्सुलेटर, शूला आत शिरायला सोडलेली फट. अंधारात जे चार सेकंद बघायला मिळतं ते इथे तासभर बघता येतं.

पहिल्या लाईनचं राजेशाही स्टेशन सिटी हॉलचं. रफाएल गुआस्ताविनो या स्पॅनिश माणसाच्या पद्धतीच्या टाइलच्या कमानी, काचेची छपरं, झुंबरं. वळण इतकं तीव्र की नव्या डब्यांची मधली दारं आणि प्लॅटफॉर्म यांच्यात धोकादायक फट पडायची, म्हणून ३१ डिसेंबर १९४५ ला बंद केलं. ट्रान्झिट म्युझियम आपल्या सभासदांसाठी तिथे मार्गदर्शकासह फेरी काढतं. तिकिटं लवकर संपतात, लक्ष ठेवावं लागतं. पण आजच बघायचं असेल तर ६ नंबरच्या गाडीने शेवटच्या ब्रुकलिन ब्रिज स्टेशनपर्यंत जा आणि डब्यातच बसून राहा. गाडी वळण घेऊन परत फिरते ती त्याच स्टेशनातून, चाकं कर्कश ओरडत, अगदी हळू. कंडक्टरने उतर म्हटलं तर निमूट उतर आणि दुसऱ्या गाडीने प्रयत्न कर. दुपारी जा, तेव्हा छपरातून येणारा उजेड मिळण्याची शक्यता जास्त.

१८व्या रस्त्याचं स्टेशन त्याच ६ नंबरच्या गाडीतून दिसतं, युनियन स्क्वेअर आणि २३व्या रस्त्याच्या मध्ये. आणि ज्याच्यासाठी तुम्ही शनिवारी जीव टांगणीला लावणार आहात ते ९१व्या रस्त्याचं स्टेशन १ नंबरच्या गाडीतून दिसतं, ८६ आणि ९६ च्या मध्ये. गाडीच्या दिशेने तोंड करून उजव्या हाताच्या खिडकीशी उभं राहायचं, दोन्ही तळहात काचेला लावून डब्यातला उजेड अडवायचा. आधी खांब पळताना दिसतात, मग रंगाने माखलेल्या भिंती, मध्येच जुन्या टाइलचा तुकडा. फोटो बरा येत नाही. पण बघायला मिळतं.

ब्रुकलिनमधलं मर्टल अव्हेन्यूचं १९५६ मध्ये बंद झालेलं स्टेशन तर मुद्दाम गाडीतून बघण्यासाठीच सजवलंय. बिल ब्रँड या कलाकाराने १९८० मध्ये तिथे २२८ चित्रं लावली आणि पुढे फटी असलेली भिंत उभारली. डीकॅल्ब अव्हेन्यूहून मॅनहॅटनकडे जाणाऱ्या क्यू गाडीत उजवीकडे बसलास की चित्रं सिनेमासारखी हलायला लागतात. गाडीचा वेग हाच त्याचा प्रोजेक्टर. रुळावर उभं राहून ते दिसणारच नाही, ही मला त्यातली सर्वांत मजेची गोष्ट वाटते.

आणि तू इंजिनिअर आहेस म्हणून बॉब डायमंडची हकीकत तुला माहीत हवी. अटलांटिक अव्हेन्यूखाली १८४४ मध्ये बांधलेला आणि १८६१ मध्ये बुजवलेला रेल्वेचा बोगदा अख्खं शहर विसरून गेलं होतं. १९८० मध्ये या विशीतल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने तो शोधला, तो जुने नकाशे आणि सरकारी कागद धुंडाळून. कागदावर जागा पक्की केल्यावर तो गॅस कंपनीच्या लोकांच्या मदतीने मॅनहोलमधून उतरला. पुढे वर्षानुवर्षं तो लोकांना तिथे फिरवून आणायचा. डिसेंबर २०१० मध्ये शहराने त्या फेऱ्या बंद केल्या, कारण आत-बाहेर करायला तो एकच मॅनहोल होता आणि आग लागली तर सुटका नव्हती. डायमंडला ते पटलं नाही, तो भांडत राहिला. मला विचारशील तर शहराचं बरोबर होतं. पण शोध त्याचाच. न्यूयॉर्कच्या पोटातला एवढा मोठा शोध एका विद्यार्थ्याने ग्रंथालयातल्या टेबलावर बसून लावला, आणि तुमच्या ग्रुपमधला एकही जण अजून एकाही स्टेशनचा मूळ आराखडा बघायला गेलेला नाही, बरोबर ना? लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पहिल्या लाईनचं जुनं सर्वेक्षण आणि फोटो फुकट आहेत. ९१व्या रस्त्याच्या प्लॅटफॉर्मचं छत कशावर तोललंय, ते न उतरता काढून दाखव. तुझ्या एखाद्या कोर्सचं प्रोजेक्टही होऊन जाईल.

राहता राहिली ताई. तिचं काही करू नकोस. तिला फोन कर आणि सांग की जाणार नाही. ‘बघतो’ नको, ‘जाणार नाही’. आईला कळवायचं की नाही ते मग तिच्यावर सोड. माझं मत म्हणशील तर कळवू नये. नाशिकमध्ये बसून त्या माऊलीने यात करायचं तरी काय, रात्रभर जागण्याशिवाय? पण हे माझं मत तू ताईला ऐकवू नकोस. तिला तुला धाक घालायला एवढं एकच हत्यार आहे, ते मी काढून घेणार नाही. पुढच्या रविवारी तिला एडिसनहून बोलावून घे आणि ट्रान्झिट म्युझियममध्ये ने. तिकीट तू काढ.

तुझी,
मावशी